डिस्प्ले येत नाही

संगणक दुरुस्तीच्या दुकानांत दोन निदानं फार सढळ हातानं वाटली जातात. मशीन चालू होत असेल तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’, आणि होत नसेल तर ‘मदरबोर्ड गेलाय’. पहिल्यात आपले फोटो जातात, दुसऱ्यात पैसे. बरीच वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांचे जुने डेस्कटॉप उघडून बसतो आहे. हा काही माझा धंदा नव्हे. बँकेत नोकरीला असताना लागलेला नाद आहे; निवृत्तीनंतर घरच्यांनीच विरोध करायचं सोडून दिलं. एवढ्या काळात खरोखर ‘गेलेले’ मदरबोर्ड फार थोडे पाहिले, आणि आपणहून मेलेला प्रोसेसर तर जवळपास नाहीच. जातात ती आजूबाजूची किरकोळ मंडळी. सेल संपतो, पंखा अडकतो, केबल सैल होते, रॅमच्या पट्टीवर काळपट थर चढतो, कॅपेसिटर फुगतो. नाव मात्र मदरबोर्डाचं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत हे डबे आले ते साधारण २००० ते २०१० या काळात. २००१ साली एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला, सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागलं, आणि ‘मुलांना सराव हवा’ या सबबीवर घरोघर संगणक शिरला. कंपनीचा तयार संगणक परवडत नसे. मग कोणाचा तरी भाचा वहीच्या कागदावर यादी करून मुंबईला लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाई. एका दुकानातून मदरबोर्ड, शेजारच्यातून रॅम, कॅबिनेट जिथे स्वस्त पडेल तिथून. सगळं कच्च्या बिलावर. त्या डब्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणत आणि अजूनही म्हणतात. मॉनिटरवर झालरीचं कव्हर असे. दसऱ्याला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. ते हळदकुंकू सीडी ड्राइव्हच्या फटीतून आत गेलेलं मी अनेक घरांत फुंकर मारून काढलं आहे.

‘डिस्प्ले येत नाही’ हे या धंद्यातलं सर्वांत पोकळ वाक्य. पडदा काळा राहण्याची कारणं डझनभर, त्यातली निम्मी पडद्याशी संबंधित नसलेली. मशीन सुरू झालं की स्वतःची तपासणी करतं आणि पडदा लागायच्या आधीच एखादा दोष सापडला, तर सांगायला त्याच्याकडे आवाजाशिवाय काही नसतं. म्हणून मदरबोर्डाला जोडलेला एक टिचभर स्पीकर असे. एक छोटी ‘पीं’ म्हणजे सगळं ठीक. थांबून थांबून लांब शिट्ट्या येत राहिल्या तर बहुधा रॅम. एक लांब आणि दोन छोट्या आल्या तर बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक्स. पुढे कॅबिनेटवाल्यांनी पैसे वाचवायला तो स्पीकरच देणं बंद केलं आणि मशीन मुकं झालं. दहा-वीस रुपयांचा बझर मी खिशात ठेवतो. तो बोर्डाला लावला की निम्मी चर्चा संपते.

शिट्टीही नाही, काहीच नाही, असं असेल तर काढत जायचं. प्रिंटर काढा, यूएसबी काढा, सीडी ड्राइव्हची केबल काढा, हार्ड डिस्कची काढा. मागे राहतात बोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा भाग. पुढचं बटणसुद्धा संशयातून सुटत नाही. त्याच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडायच्या. मशीन सुरू झालं तर दोष त्या बटणाचा. अशी बटणं मी पाहिली आहेत. त्यांच्यापायी नवा संगणक घेतलेली घरंही पाहिली आहेत.

एसएमपीएस नुसता तपासायचा तर त्याच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडून पाहतात. पंखा फिरला तर निदान जीव आहे. मात्र त्याचा डबा घरी कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपेसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज काही काळ टिकून असते. एरवी या छंदात धोका खिशाला असतो, इथे जिवाला आहे.

रॅमच्या दुखण्यावर आमचं खास औषध म्हणजे खोडरबर. पट्टीच्या कडेला सोन्याचा पातळ मुलामा दिलेली बोटं असतात. पावसाळ्यातली दमट हवा, धूळ, उदबत्तीचा धूर यांचा चिकट पापुद्रा त्यांवर बसतो. पांढऱ्या मऊ खोडरबरानं हलक्या हातानं पुसायचं, कण झटकायचे, पट्टी दोन्ही बाजूंनी टक्क आवाज येईपर्यंत दाबायची. जोरात घासलं तर मुलामाच निघतो, म्हणून शाईचा खरखरीत रबर वापरणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कोकणात, समुद्राजवळच्या घरांत, हे दर पावसाळ्यानंतर करावं लागतं. खारी हवा धातूला सोडत नाही.

पण मला खरं शिकवलं ते एका निवृत्त शिक्षकांच्या मशीननं. पेठेतली जुनी इमारत, खाली शहाबादी फरशी, खिडकीशी टेबल. सर आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करत होते. पत्रं पाठवून जमवलेली माहिती, शाखांचे तक्ते, कोण कुठल्या गावी दत्तक गेलं त्याच्या नोंदी, सगळं त्या एका डब्यात. तो डबा एक्सपीच्या काळातला.

पहिली तक्रार सरांची नव्हती, त्यांच्या पत्नीची, म्हणजे बाईंची होती. सर संगणकावर चप्पल घालून बसत, आणि टेबलापासून देवघर हाताच्या अंतरावर. बाईंना हे खपत नसे. “अहो, यांना सांगा तुम्हीच,” त्या मला म्हणाल्या. सरांचं म्हणणं, अनवाणी बसलं की डब्याला हात लावताच झिणझिण्या येतात. मला गंमत वाटली ती वेगळीच. ऐंशी-नव्वदच्या दशकात आमच्या संगणक कक्षात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत, धूळ नको म्हणून. आणि घरी आल्यावर त्याच यंत्रापुढे चपला घालायची पाळी!

झिणझिण्यांवर उपाय म्हणून एसएमपीएस बदलून झाला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कॅपेसिटर असतात, एक फेज आणि अर्थिंगच्या मध्ये, दुसरा न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये. तारेतला विद्युत गोंगाट जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. पण जमिनीकडे जाणारी तार भिंतीतच तुटलेली असेल, किंवा मुळात ओढलेलीच नसेल, तर हे दोघे २३० व्होल्ट अर्धे-अर्धे वाटून घेतात आणि मधला बिंदू, म्हणजे डब्याचा सगळा पत्रा, ११५ व्होल्टच्या आसपास राहतो. प्रवाह मिलिअँपिअरहूनही कमी, त्यामुळे माणसाला सहसा इजा होत नाही. पण चालू मशीनला प्रिंटर किंवा केबल जोडायला गेलं की तोच दाब पोर्टवर येतो आणि पोर्ट जळतो. जुन्या इमारतींत थ्री-पिनचं वरचं मोठं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं. आजार संगणकाचा नव्हताच. वायरमन आला, अर्थिंगची तार खालपर्यंत ओढली, आणि देवघराशेजारून चपला गेल्या. बाईंच्या दृष्टीनं माझी कामगिरी तिथेच पूर्ण झाली.

पुढची हाक आली ती वेगळ्याच कारणानं. फोनवर सर म्हणाले, “अहो, बँकेनं मला ओळखायचं सोडलंय.” बँकेचं संकेतस्थळ उघडायला गेलं की सुरक्षिततेचा इशारा येई. कुणीतरी त्यांना ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारा’ असा सल्ला दिला होताच. मी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. “सर, तुमचा संगणक २००२ सालच्या एक जानेवारीला आहे. त्याच्या लेखी बँकेचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही.”

मदरबोर्डावर बसवलेला नाण्याएवढा सेल संपला की असं होतं. त्याचं नाव सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, नावातच माप आहे. तीन व्होल्टचा हा सेल मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवतो आणि जुन्या बोर्डांवर बायोसच्या नोंदी जपतो. आयबीएमनं १९८४ च्या पीसी एटीमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ बोर्डावर आणलं, तेव्हापासूनची ही रीत. मशीनचा प्लग चालू असेल तर घड्याळ एसएमपीएसकडून येणाऱ्या राखीव पाच व्होल्टवर चालतं आणि सेलला विश्रांती मिळते. पण आपल्या घरांत ‘भिंतीवरचं बटण बंद केलंस का?’ हा रात्रीचा शेवटचा प्रश्न असतो. बटण बंद म्हणजे रात्रभर भार सेलवर. म्हणून आपल्याकडे हे सेल लवकर बसतात. मी बटण चालू ठेवा असं सांगत नाही. विजा कडाडत असताना तर मुळीच नाही. सेल बदला, तीस-चाळीस रुपयांत मिळतो. गोंधळलेली, वेळ विसरणारी, ‘एफ-वन दाबा’ म्हणून अडून बसणारी पुष्कळ मशीनं एवढ्यानं ताळ्यावर येतात.

सरांचं मशीन त्यानंतर नीट चालायला हवं होतं. ते चाललंही, पण त्याला एक खोड होती आणि ती घरच्यांनी इतकी पचवली होती की मला सांगायचंही त्यांना सुचलं नव्हतं. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरे आणि बंद पडे. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. असं करत करत एकदा ते लागे, आणि लागलं की दिवसभर बिनतक्रार. म्हणून रात्रीपर्यंत सर ते बंदच करत नसत. प्रत्येक जुन्या संगणकाभोवती असे विधी जमतात. कुणी आधी मॉनिटर लावतं, कुणी बटण दाबून मनात दहा मोजतं, कुणी डाव्या अंगाला थाप मारतं. हसू नये. थापेतही तथ्य असतं. तापणं-निवणं होत राहिलं की सॉकेटमधले भाग कणाकणानं वर सरकतात. १९८० सालच्या ॲपल थ्रीमध्ये हेच होई, आणि यंत्र काही इंच उचलून टेबलावर सोडावं हा उपाय तेव्हा अधिकृतपणे सुचवला गेल्याचं प्रसिद्धच आहे.

सरांच्या मशीनची खोड मात्र थापेची नव्हती. पावसाळ्यात एकदा लाइट गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, आणि नंतर मशीन लागलंच नाही. दुकानातून निरोप आला, ‘मदरबोर्ड गेलाय, या मॉडेलचा आता मिळत नाही.’ मी डब्याचं पान उघडलं, टॉर्च मारला. प्रोसेसरशेजारी ओळीनं उभे असलेले नळकांड्यांसारखे कॅपेसिटर. निरोगी कॅपेसिटरचं डोकं सपाट असतं. यांतल्या काहींची डोकी फुगली होती आणि एकाच्या चिरेतून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर येऊन वाळलं होतं.

गच्चीवरच्या टाकीमुळे नळाला जसं सारखं पाणी येतं, तसं प्रोसेसरला मिळणारा दाब सपाट ठेवणं हे या कॅपेसिटरांचं काम. आत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये विद्युतवाहक द्रवात भिजवलेला कागद, सगळं गुंडाळून डबीत बंद. द्रव बिघडला किंवा आटला की आतला रोध वाढतो आणि दाब थरथरू लागतो. थंड असताना हा रोध जास्त, गरम झाल्यावर थोडा कमी. सकाळी दहादा दाबावं लागणारं आणि मग दिवसभर चालणारं मशीन हे त्याचंच लक्षण. खोड म्हणून जी सांभाळली, ती आजाराची पूर्वसूचना होती.

त्या काळातल्या मशीनांवर एक साथच येऊन गेली. १९९९ नंतरच्या काही वर्षांत तैवानमध्ये बनलेले लाखो कॅपेसिटर वेळेच्या फार आधी फुटले. त्यातल्या द्रवात पाणी होतं, आणि पाण्यापासून ॲल्युमिनियमचं रक्षण करणारी द्रव्यं कमी होती किंवा नव्हतीच. मग आत हायड्रोजन वायू तयार होई, डोकं फुगे आणि तिथे मुद्दाम ठेवलेल्या खाचेतून फुटे. जपानी कंपनीतून अर्धवट चोरलेल्या कृतीमुळे हे झालं अशी कथा सांगितली जाते. ती सिद्ध झाली नाही, पण चोरलेल्या कृतीतला नेमका एक घटक राहून जावा हे लोकांना इतकं आवडलं की कथा पक्की बसली. नुकसान मात्र कथेतलं नव्हतं. एकट्या डेलनं २००५ साली असल्या सदोष मशीनांपोटी ३० कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. आपल्याकडच्या असेंबल्ड डब्यांचा हिशेब कुणी धरला नाही. ते ‘मदरबोर्ड गेलाय’ या दोन शब्दांत भंगारात गेले.

नवे कॅपेसिटर घ्यायला मी तापकीर गल्लीत गेलो. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, मायक्रोफॅरड तेवढेच, आणि १०५ अंशांचे, कमी रोधाचे. दुकानदारानं ८५ अंशांचे साधे पुढे केले, “काका, चालतात हे पण.” चालतात, थोडे दिवस. या कॅपेसिटरांचं आयुष्य ढोबळ नियमानं तापमान दहा अंश उतरलं की दुप्पट होतं. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा ६५ अंशांवर ३२,००० तास टिकायला हवा. म्हणूनच मी लोकांना धुळीवरून इतका बोलतो. हीट सिंकच्या पात्यांमध्ये साचलेली वाकळ काढली आणि प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट बदलली, की दहा अंश सहज उतरतात. साफ करताना ब्लोअर मारायचा तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं भिरभिरलेला पंखा बेअरिंग खराब करून घेतो.

बोर्डावरून जुने पाय काढणं हे चिकाटीचं काम आहे. आतले तांब्याचे थर सगळी उष्णता खाऊन टाकतात, म्हणून रेडिओ दुरुस्तीची २५ वॉटची सोल्डरगन इथे हरते. ६० वॉटची लागते. छिद्रं मोकळी करायची, ऋण बाजूची पट्टी पाहून नवे बसवायचे. सरांचं मशीन पहिल्या दाबाला लागलं. बाई म्हणाल्या, “हे असं एकदाच दाबून लागतं होय!”

एवढा आटापिटा कशासाठी, नवा का नाही घेतला, हा प्रश्न सरांच्या मुलानंही विचारला होता. तो परदेशात असतो आणि पैसे द्यायला तयार होता. अडचण पैशांची नव्हती. कुलवृत्तांत टाइप झाला होता युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये. ती फाइल नव्या मशीनवर उघडली की पणजोबांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते काम झालं, त्याला मागच्या पॅरलल पोर्टमध्ये खोचलेलं डोंगल लागायचं. आजच्या बोर्डांवर तो पोर्ट नसतो. म्हणजे तो फुगल्या कॅपेसिटरचा डबा हीच त्या मजकुराची किल्ली होती. महाराष्ट्रात छापखाने, लहान प्रकाशनं, संस्थांची कार्यालयं यांच्याकडे असा पुष्कळ मजकूर अडकून पडला आहे. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यासाठी आधी ते मशीन एकदा तरी लागावं लागतं. सरांच्या फाइली आम्ही युनिकोडमध्ये आणल्या. जोडाक्षरं हातानं तपासावी लागली. रफार जागोजाग भरकटले होते.

हार्ड डिस्कबद्दल थोडक्यात बोलतो. टक्-टक् आवाज येऊ लागला की मशीन बंद करावं आणि पुन्हा पुन्हा लावून पाहू नये. फ्रीझरमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर त्याच्याकडे स्वतःची डिस्क मागावी.

या सगळ्या दुरुस्त्या शक्य झाल्या कारण ते डबे सुटे होते. जोडलेली प्रत्येक गोष्ट काढता येत होती. आताच्या पुष्कळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, बॅटरी चिकटवलेली. सडपातळपणाची ही किंमत मला जास्त वाटते. केंद्र सरकारनं २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी एक संकेतस्थळ सुरू केलं, ते चांगलंच झालं, पण जो भाग निघतच नाही तो कसा बदलायचा, हे कुठलं संकेतस्थळ सांगणार? आणि आता तर भाग धडधाकट असूनही मशीन बाद होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१५-१६ मधले उत्तम चालणारे संगणक दाराबाहेर राहिले. त्यांचा एकही कॅपेसिटर फुगलेला नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा मशीनांवर मी लिनक्स मिंट टाकून देतो. पत्रव्यवहार, यूट्यूबवरची कीर्तनं, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं, सगळं होतं. ज्यांना टॅली किंवा एखादं खास सॉफ्टवेअर हवं आहे, त्यांचं मात्र यानं भागत नाही.

भंगारात गेलेल्या बोर्डांचं काय होतं तेही बघून ठेवावं. दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद इथे अशा पाट्या उघड्यावर जाळून, आम्लात बुडवून तांबं आणि सोनं काढलं जात आलं आहे. तो धूर तिथली माणसं घेतात, त्यात मुलंही असतात.

तुमच्याही कपाटावर चादरीखाली असा एखादा डबा असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याचा सेल बदला, रॅम पुसून बसवा, कॅपेसिटरांची डोकी टॉर्चखाली बघा. लागला तर फाइली आधी दुसरीकडे घ्या, बाकीचं नंतर. नाहीच लागला, तर डबा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, पण हार्ड डिस्क काढून घेऊन. ती चार स्क्रूंवर बसलेली असते, दोन अलीकडून आणि दोन पलीकडून, म्हणून डब्याची दोन्ही पानं उघडावी लागतात.